जांभळा उजेड, पिवळ्या गोळ्या

मी नेमकं काय काम करत होते, हे आमच्या मंडळातल्या बायकांना मला कधीच धड सांगता आलं नाही. "नर्स होते" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर, सलाईन, नाहीतर बाळंतपण यायचं. आणि मी तर नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं माणसांना एका कपाटात उभं करून दिवा लावण्यात घालवली.

कपाट म्हणजे खरोखर कपाटच. एक माणूस हात वर करून उभा राहील एवढं, आणि आतून सगळ्या बाजूंना उभ्या ट्यूबलाइट. त्या पेटल्या की पंख्यांची घरघर सुरू व्हायची आणि दाराच्या फटीतून निळाजांभळा उजेड फरशीवर सांडायचा. बाहेर कॅनडातल्या व्हिटबीचा हिवाळा, खिडकीपलीकडे पार्किंग लॉटमध्ये सावकाश पडणारं बर्फ, आत गरम हवेचा वास आणि ती जांभळी रेघ. दुपारी चारनंतर बाहेर काळोखायला लागायचं आणि आमची खोली जास्तच जांभळी व्हायची. आज ते दिवस आठवले की एखाद्या लांबलचक दुपारच्या झोपेत पाहिल्यासारखे वाटतात. माणसं यायची, कपडे उतरवायची, डोळ्यांना काळे गॉगल लावून उजेडात शिरायची आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन काहीतरी भलतंच बोलायची. बंद डोळ्यांनी उजेडात उभं राहिलं की मनातलं वर येत असावं. आइस रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवणारा एक दांडगा माणूस होता, तो आत उभ्या उभ्या चक्क झोपायचा आणि दिवे विझले की "ममा?" म्हणायचा. एक आजी आपल्या वेळेच्या मापाने चर्चमधली गाणी म्हणायच्या. उजेड वाढवला की एक कडवं जास्त. मी वसईची, चर्चमध्येच वाढलेली, बाहेरून मीही सूर लावायचे.

हे सगळं सोरायसिससाठी. आपली कातडी महिन्याभरात जुनी होऊन नवी येते, ते आपल्या लक्षातही येत नाही. सोरायसिसमध्ये कातडीला घाई सुटते. काही दिवसांतच नवा थर वर येतो, जुना झडायच्या आत त्यावर आणखी एक. मग लाल चट्टे उठतात, त्यावर चंदेरी पापुद्रे. खाज, भेगा, अंथरुणात भुसा. हा रोग स्पर्शाने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हटलं आहे आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धवट विश्वास पाहिला आहे.

आमच्या डॉक्टर हेलन उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. अंगभर पसरलेल्या सोरायसिसला त्या शक्यतो एकच औषध देत नसत. एकाचाच डोस वाढवत नेला की त्याचे दुष्परिणामही वाढतात, म्हणून दोन-तीन गोष्टी थोड्या थोड्या. बाहेरून उजेड, आतून गोळी आणि हट्टी चट्ट्यांवर मलम. एकाने दुसऱ्याचं काम हलकं करायचं. पण कशाबरोबर काय आणि कधी, हे नीट सांभाळावं लागतं. व्हिटॅमिन डीचं मलम उजेडाच्या आधी लावलं तर उजेडच ते निकामी करतो, म्हणून ते नंतर लावायचं. काही गोळ्यांनी कातडी उजेडाला हळवी होते, मग उजेड कमी ठेवायचा. डॉक्टर ठरवायच्या आणि माणसाच्या अंगावर ते कसं उतरतंय हे आठवड्यातून तीनदा पाहायची मी. कातडी रोज थोडी बदलते. तिची ओळख झाली की ती न बोलता बरंच सांगते.

वानखडेकाका आमच्याकडे आले ते या शतकाचं पहिलं दशक सरत असताना, एका नोव्हेंबरात. नागपूरकडचे. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला. बायको वारल्यावर मुलाने, नितीनने, त्यांना कायमचं इकडे आणलं. नितीन आधी ओटावाजवळ कनाट्याला एका टेलिकॉम कंपनीत होता. ती कंपनी आकसत गेली, त्याची नोकरी गेली आणि मग टोरोंटोला एका बँकेत मिळाली. घर व्हिटबीला घेतलं. तो पहाटे निघून रात्री परतायचा. काकांचं दवाखान्यात येणंजाणं, जेवण, औषध, सगळं सून पाहायची. स्वाती तिचं नाव. घरी बसून कुठल्यातरी कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायची आणि कानाला फोन लावूनच गाडी पार्क करायची.

पहिल्या दिवशी काकांनी स्वेटर काढला, त्याखालचा गरम बनियन काढला आणि फरशीवर पापुद्र्यांचा पांढरा सडा पडला. माणूस एवढा ओशाळला की उघड्या अंगाने खाली वाकून हाताने ते गोळा करायला लागला.

"राहू द्या काका," मी म्हटलं. "इथे रोजच पडतं."

ते तसेच वाकलेले वर बघायला लागले. "तुम्ही मराठी?"

"वसईची. लूसी."

"तुमची मराठी वेगळीच वाटून राहिली."

"आणि तुमची?"

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. पाठ, पोट, मांड्या, कोपर, सगळीकडे चट्टे. मी हातमोजे न घालता त्यांच्या पाठीवर मलम लावलं. तसं करायला काहीच हरकत नसते, पण त्यांची पाठ दचकली. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाले, "नितीनची आई गेल्यापासून तिथे कोणाचा हात नाही लागला."

डिसेंबरभर नुसता उजेड दिला. फरक पडला, पण बेताचा. डॉक्टरांनी मग मेथोट्रेक्सेट जोडलं. हे औषध कातडीच्या घाईला लगाम घालतं, पण जपून वापरावं लागतं. ते आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं. काकांचं वय आणि मूत्रपिंडाची थोडी मंदावलेली चाल पाहून डॉक्टरांनी डोसही कमीच ठेवला. आठवड्याच्या उरलेल्या दिवशी फॉलिक ॲसिडची एकेक गोळी, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून. म्हणजे रविवारी तळहातावर मेथोट्रेक्सेटच्या काही गोळ्या, आणि सोमवार ते शनिवार फॉलिकची एक. मी समजावून सांगितलं, स्वातीने फोनमध्ये टिपून घेतलं. रक्ताच्या तपासण्या ठीक येत होत्या. जानेवारीत चट्टे सपाट व्हायला लागले. कोपरं मऊ झाली. काका उजेडातून बाहेर येऊन गॉगल न काढताच गप्पा मारायचे. खांबाच्या टोकावरून दिसणारी गावं, तारांवर बसणारे पोपट, रिसीव्हर जोडून बघताना कानावर पडलेली अनोळखी माणसांची बोलणी. "ऐकायचं नसते ते," ते म्हणायचे, "पण कानात पडून जाते न." त्यांच्या बोलण्यात मी कधीकधी इतकी हरवायचे की पुढचा पेशंट दारात येऊन उभा असायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी ते आले ते गप्पच. चालताना पाय जरा ओढत होते. स्वाती बाहेर फोनवर होती. मी विचारलं, "काय काका, नाश्ता नाही झाला वाटतं?"

"तोंड आलंय. दूधही झोंबून राहिलं."

त्यांनी शर्ट काढला. गेल्याच खेपेला फिकट, सपाट झालेले चट्टे लालभडक दिसत होते. खरवडल्यासारखे, ओलसर, काही ठिकाणी साल निघालेली. कापडाचा स्पर्शही त्यांना सोसत नव्हता. पहिला विचार आला तो आपल्याच दिव्याचा. उजेड जास्त झाला की कातडी भाजते. आमच्या कामात ही भीती कायम पाठीशी असते. मी यंत्रावरची नोंद पाहिली. उजेड वाढवलेलाच नव्हता. मग मी त्यांच्या चड्डीची कड जराशी सरकवून पाहिली. ती ते उजेडातही कधी काढत नसत. त्या झाकलेल्या जागेचे चट्टेही तसेच सोललेले होते.

म्हणजे हे आतून होतं.

"तोंड उघडा काका." जिभेच्या कडेला, गालांच्या आतून पांढरे फोड. "गोळ्या कशा घेता तुम्ही?"

"रोज सकाळी एक. पिवळी."

"आणि रविवारी?"

"रविवारी चार-पाच. त्याही पिवळ्याच. सुनबाई सात खणांच्या डब्बीत भरून ठेवते न, मी आपला दिवसाचं झाकण उघडतो आन् गिळतो."

दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक, दोन्ही बाटल्या एकसारख्या. मी हे आधी हजारदा पाहिलं होतं आणि त्याचा असा विचार त्या क्षणापर्यंत केला नव्हता. बाटल्या अदलाबदल झाल्या असतील तर हा माणूस रोज मेथोट्रेक्सेट घेत होता आणि रविवारी मूठभर फॉलिक. आठवड्याची बेरीज साधारण तेवढीच होते, पण रोजच्या रोज घेतलं की शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. तोंडाची आणि आतड्याची अस्तरं जातात, हाडांच्या मज्जेत रक्त बनणं थांबतं. मग साधा तापही माणसाला घेऊन जातो. त्या वयात, तशा मूत्रपिंडांवर तर फारच.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ हॉस्पिटलला फोन लावला. घर जवळच होतं म्हणून स्वातीला बाटल्या आणि डबी आणायला पाठवलं. कशासाठी ते नीट सांगितलं नाही, पण तिचा चेहरा उतरलाच.

ती गेल्यावर काकांनी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. काय झालं?"

मी सांगितलं. गोळ्यांची बहुतेक अदलाबदल झाली आहे, त्याने अंगात विष चढल्यासारखं झालंय, पण त्यावर उतारा आहे, आत्ता गेलं की देतील. ते अंगावर पांघरलेल्या चादरीच्या कडेशी चाळा करत बसले. शेजारच्या खोलीत दुसऱ्या कोणाचे तरी दिवे पेटले होते, दाराखालून जांभळी रेघ आली होती. काका तिच्याकडे पाहत होते.

मग म्हणाले, "डब्बी मी भरतो."

"काका, आत्ता तर म्हणालात की सुनबाई…"

"मी भरतो. चष्मा न लावता भरली. डॉक्टरीणबाईंना तसंच सांगा." आणि माझा हात धरून, हळूच, "तिला काही बोलू नका हो. दिवसभर राबते पोरगी. माझा मुलगा तर घरात असूनही नसतो. हे तिच्या माथी बसलं तर ती उठायची नाही."

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं, दोन्ही वाक्यं. त्या म्हणाल्या, "काय घेतलं आणि कधीपासून घेतलं, एवढं हॉस्पिटलला हवं आहे. डबी कोणी भरली यावर कुठलं इंजेक्शन ठरत नाही."

स्वाती परतली. डॉक्टरांनी टेबलावर दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी काढली आणि डबीतल्या गोळ्यांशेजारी ठेवली. कोणी काही बोलायच्या आधीच तिला अदलाबदल दिसली. ती एकदम खाली बसली, कोट, टोपी, हातातली किल्ली, सगळ्यासकट.

"मीच केलं ते पोरी," काका म्हणाले. "दोन्ही नव्या बाटल्या एकदम आल्या न तेव्हा. तुला कशाला त्रास म्हणून मीच डब्बी भरली. चष्मा नव्हता डोळ्यावर."

स्वाती त्यांच्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली.

काकांना मास्क घालून एकट्या खोलीत ठेवलं, कारण त्यांच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. ताप चढला. माझं काम दवाखान्यातलं, तिथे माझी काही जबाबदारी नव्हती. तरी ड्यूटी संपली की गाडी आपोआप त्या बाजूला वळायची. हात धुवायचे, गाऊन घालायचा, मास्क लावायचा आणि पलंगाशेजारी बसायचं. बाहेर संध्याकाळचं निळं बर्फ. ते डोळे मिटून पडलेले असायचे. पापुद्रे, फोड, सोललेली कातडी, आणि त्या सगळ्यात चेहरा मात्र कुठेतरी लांब गेलेला.

एकदा डोळे न उघडताच म्हणाले, "सिस्टर, मी खांबावर होतो."

"कुठे?"

"काय माहीत. खाली सगळं पांढरं. इकडचं बर्फच असंन. पण उजेड तुमच्या त्या कपाटातला, जांभळा. सगळ्या रानात पसरलेला. आन् तारेत नितीनची आई बोलून राहिली. मी रिसीव्हर जोडला, तर आवाज साफ. म्हणे, खाली उतरा, पोरं जेवायची थांबलीत."

"मग उतरलात?"

"पाय सापडून नाही राहिले खांबाला."

मला वसईची माझी आई आठवली. ती आजारपणात विहिरीशी बोलायची. मी त्यांच्या पायांवर चादरीवरूनच हात ठेवला आणि म्हटलं, "हे बघा, हे तुमचे पाय. इथेच आहेत." ते जरासे हसले असावेत, मास्कमुळे नक्की सांगता येत नाही.

त्याच मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनशी, स्वाती भेटली. नितीन आत होता. तिने माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"लूसीताई, बाबांना तर त्या बाटल्या कुठल्या कपाटात असतात हेसुद्धा माहीत नाही. आमची इरा लहान आहे म्हणून मी वरती ठेवते, स्टूल घेतल्याशिवाय हात पुरत नाही. त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. एका कानाला फोन होता. एकीकडे ऐकत होते, एकीकडे भरत होते. मला ते दिसतंय, ताई. माझे हात मला दिसतायत."

मी मशीनमधून तिच्यासाठी कॉफी काढली.

"आणि ते म्हणतात मी केलं. नितीनलाही तेच सांगितलं. नितीन त्यांच्यावर चिडला, एवढा आजारी माणूस, त्यांच्यावर! आणि मी तिथे उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही." ती भिंतीला टेकली. "ते गेले तर मी हे कोणाला सांगू?"

"ते आहेत अजून," मी म्हटलं. "त्यांनाच सांग."

सांगायला सोपं होतं. पांढऱ्या पेशी हलायलाच तयार नव्हत्या. रोज सकाळी रक्त जायचं आणि रोज दुपारी तेच उत्तर यायचं. त्यांची नात इरा, आठेक वर्षांची, काचेबाहेरून हात हलवायची. "कॅन ही सी मी?" असं आईला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आणखी जोरात हात हलवायची. दवाखान्यात मी दिवे लावायचे, विझवायचे, आणि प्रत्येक घरघरीत मला वाटायचं, आता फोन येईल.

फोन आला तो डॉक्टरांना. त्यांनी खोलीत डोकावून फक्त अंगठा वर केला. पेशी वर चढायला लागल्या होत्या. मी त्या वेळी त्या गाणाऱ्या आजींना आत उभं केलं होतं, आणि सांगायला हरकत नाही, त्या दिवशी मी बाहेरून जरा जास्तच मोठ्याने गायले. काकांनी हॉस्पिटलात पहिलं काय मागितलं तर गार वरणभात. तोंडाला झोंबू नये म्हणून स्वाती तिखट-मीठ न घालता करून आणायची आणि चमच्याने भरवायची. ते निमूट खायचे.

बर्फ वितळून पार्किंग लॉटमध्ये डबकी झाली तेव्हा ते पुन्हा आमच्याकडे आले. बारीक झालेले, काठी घेतलेले, आणि मधल्या काळात सोरायसिस मागचं सगळं वसूल करून पुन्हा अंगभर पसरलेला. नितीनने त्या दिवशी रजा घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलं, मेथोट्रेक्सेट आता पुन्हा कधीच नाही. त्याऐवजी ॲसिट्रेटिन नावाची कॅप्सूल, कमी डोसमध्ये, आणि दोन आठवड्यांनी तिच्या जोडीला उजेड. कॅप्सूल जाड पापुद्रे पातळ करते, मग थोडा उजेडही खोलवर पोचतो. दोघांचं मिळून जमतं, एकट्याने जमलं नसतं. ओठ कोरडे पडतील, रक्तातली चरबी आणि लिव्हर तपासत राहावं लागेल. कॅप्सूल रोज एक, जेवणाबरोबर.

मी स्वातीकडे वळून सांगत होते. ती मागे सरकली. "मला नको सांगू ताई. नितीन बघेल. गोळ्यांचं आता नितीनच बघेल."

"हो, मी बघतो," नितीन म्हणाला. "रिमाइंडर लावतो फोनवर."

"तू?" काका म्हणाले. "तू जेवायला असतोस का घरी?"

"बाबा, प्लीज. तुम्ही स्वतःच भरून काय झालं ते…"

"नितीन, थांब." स्वाती उभी राहिली. "डबी मी भरली होती. बाबांनी नाही. त्यांनी बाटलीला हातही लावला नव्हता. ते मला वाचवायला खोटं बोलले आणि मी बोलू दिलं."

डॉक्टर हेलनना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. नितीनने बायकोकडे पाहिलं, मग वडिलांकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता आणि वाटेत कुठेतरी विरला. बहुधा आपण त्या खोलीत, त्या डबीजवळ, कधीच नव्हतो हे त्याला तेव्हा दिसलं असावं.

"माहीत आहे न मला," काका सुनेला म्हणाले. "मला काय माहीत नाही?"

"मग कशाला असं केलंत बाबा?"

"आता काय सांगू पोरी. रोज तूच वाढतेस. एक दिवस भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी काय शेजारच्या गोऱ्याकडे जेवायला जाऊ?"

स्वातीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. नितीन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, शेवटी तिच्या पर्सवर ठेवला. डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, "लूसी, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो, आता आहे.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक रिवाज पडला. कोणालाही नवी गोळी सुरू झाली की मी त्याच्या तळहातावर ती ठेवायची, आणि त्याने मला सांगायचं, ही कोणती, कुठल्या दिवशी, किती. गिळायच्या आधी बघायचं. झोपाळू रिंकवाल्यालाही मी सोडलं नाही. कामातून निवृत्त होईपर्यंत हे चालू होतं. पुढे आठवड्या-महिन्यांनी घ्यायची नवी इंजेक्शनं आली. काहींचं अंग त्यांनी असं साफ व्हायचं की त्यांनी आमच्या कपाटाकडे पुन्हा पाहिलं नाही. चांगलंच झालं. पण गर्दी कमी झाली, एक कपाट बंद पडलं, आणि संध्याकाळची ती जांभळी रेघ अर्धीच राहिली. मला तिची अजून आठवण येते.

काकांना त्या जोडीने गुण आला. एप्रिलमध्ये पाठ, मे महिन्यात मांड्या. ओठ मात्र फुटायचे. जूनच्या शेवटी डॉक्टरांनी उजेड थांबवला आणि कॅप्सूल काही दिवस चालू ठेवायला सांगितली. शेवटच्या खेपेला दिवे विझल्यावर ते लगेच बाहेर आले नाहीत. दार उघडलं तर गॉगल लावून, हात वर धरून तसेच उभे. "विझले का?" म्हणाले. "मला तर अजून दिसून राहिलं."

त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. तळ्याकाठी, धक्क्याजवळच्या गवतावर चटई टाकली होती. ऑन्टारिओचं ते तळं उन्हात समुद्रासारखं दिसतं, फक्त खारट वास येत नाही, आणि त्यामुळे वसईच्या माणसाला ते नेहमी स्वप्नातल्या समुद्रासारखं वाटतं. काकांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. हातांवर चट्ट्यांच्या जागी फिकट आणि गडद डाग उरले होते. इरा त्यांच्या मांडीवर रेलून त्या डागांवर बोट फिरवत होती. "आजोबा, यू लुक लाइक अ मॅप. धिस इज कॅनडा, अँड धिस इज नागपूर."

"मग कुठून कुठे जाऊन राहिली तू?"

"आय ॲम जस्ट वॉकिंग."

नितीन पाण्याजवळ जाऊन चपट्या दगडांच्या भाकऱ्या उडवत होता आणि एकही धड उडत नव्हती. स्वातीने पोळ्या, वांग्याची भाजी, दही काढलं. दोन घास झाल्यावर तिने पिशवीतून बाटली काढली, लेबल वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि कॅप्सूल काकांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी मूठ तोंडाकडे नेली.

"काका!" मी ओरडले. "आमचा नियम काय? आधी बघायचं."

"तुम्ही पाहा न सिस्टर," ते म्हणाले. "मी तिच्याकडे पाहून राहिलो." आणि सुनेवरची नजर न हलवता त्यांनी कॅप्सूल गिळली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.